सीएनए झालात, आता दरवर्षीचे इन-सर्व्हिसचे तास कसे मोजायचे आणि कसे सांभाळायचे

"ताई, परीक्षा पास झाले, सर्टिफिकेट पण आलं, मग आता परत क्लास कशाला?" हा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच, बहुतेक वेळा कुणाच्या तरी वहिनीचा नाहीतर मावसबहिणीचा असतो, पोरं शाळेत जायला लागली की इथे अमेरिकेत आपल्या बऱ्याच बायका नर्सिंग होममध्ये सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट) म्हणून लागतात, त्यात तिकडे बालवाडी चालवलेल्या असतात, बीएचएमएस झालेल्या पण असतात. प्रत्येकीला वेगळं वेगळं टाइप करून माझा अंगठा दुखायला लागलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी कॅलिफोर्नियात एका नर्सिंग होममध्ये डीएसडी आहे, म्हणजे डायरेक्टर ऑफ स्टाफ डेव्हलपमेंट. नाव भारदस्त आहे पण काम काय, तर एड्सना (म्हणजे सीएनएंनाच) शिकवायचं, त्यांचे तास लिहून ठेवायचे आणि सर्व्हे (सरकारी तपासणी) आला की फायली काढून द्यायच्या. त्याआधी मी स्वतः सीएनए होते, ब्रिफ (मोठ्यांचे डायपर) बदललेत, कॉल लाइटमागे (बोलवायच्या दिव्यामागे) धावलेय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत.

आधी मुळात हे लागतं का, ते बघू. नर्सिंग होमला मेडिकेअर किंवा मेडिकेड (आमच्याकडे मेडी-कॅल) या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घ्यायचे असतील तर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, नियम पाळावेच लागतात, आणि ते पैसे नको असलेलं नर्सिंग होम मी तरी अजून पाहिलं नाही. हे सगळं सुरू झालं १९८७ च्या ओब्रा नावाच्या फेडरल कायद्यापासून. त्यात दोन गोष्टी आल्या, एक म्हणजे कामाला लागताना किमान ७५ तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा, आणि दुसरी म्हणजे कामावर असेपर्यंत दरवर्षी चालू राहणारं ट्रेनिंग, त्यालाच इथे सगळे इन-सर्व्हिस म्हणतात. ७५ हा फेडरल आकडा झाला, कॅलिफोर्नियात सुरुवातीचेच १६० तास आहेत, ६० वर्गात आणि १०० प्रत्यक्ष फ्लोअरवर, ते तुम्ही करून आलाच आहात.

दरवर्षीचा फेडरल आकडा आहे किमान १२ तास. किमान हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नियमात असं पण लिहिलंय की एडला काम नीट येत राहील इतकं ट्रेनिंग पाहिजे, म्हणजे १२ भरले की फाइल बंद असं नाही. त्या तासांमध्ये काय असलंच पाहिजे हे पण ठरलेलं आहे. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाला कसं सांभाळायचं हे हवं, अब्यूज (मारहाण, छळ) कसं रोखायचं हे हवं (हे दोन्ही विषय २०१० च्या ओबामाकेअरवाल्या कायद्याने पक्के केले), आणि तुमच्या वार्षिक रिव्ह्यूमध्ये जी कमजोरी निघाली असेल ती हवी. तसंच त्या फॅसिलिटीत कुठल्या प्रकारचे रेसिडेंट (तिथे राहणारी माणसं) आहेत त्याप्रमाणे जे लागतं ते. फायर ड्रिल, इन्फेक्शन कंट्रोल, रेसिडेंटचे हक्क वगैरे पण असतंच, पण ते किचनवाल्यापासून ऑफिसवाल्यापर्यंत सगळ्या स्टाफला असतं, ते वेगळं कलम आहे.

आता जिथे सगळे गोंधळतात तिथे येऊ. तुमच्यासाठी दोन घड्याळं चालू असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिलं घड्याळ फॅसिलिटीचं. ते जानेवारी ते डिसेंबर नाहीये बरं का, ते तुमच्या जॉइनिंगच्या तारखेपासून चालतं. समजा तुम्ही १४ मार्चला लागलात, तर तुमचं वर्ष १४ मार्च ते पुढच्या १३ मार्चपर्यंत, आणि त्यात फेडरल नियमाचे किमान १२ तास दिसले पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी डिसेंबरमध्ये सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये कोंडून एकदम तास भरून घेतात, ते पाहून एड्सना वाटतं की वर्ष डिसेंबरला संपतं, आणि मार्चवालीचे तास मध्येच कमी पडतात.

दुसरं घड्याळ तुमच्या सर्टिफिकेटचं. कॅलिफोर्नियात ते दोन वर्षांचं असतं, त्यावर एक्स्पायरीची तारीख छापलेली असते, आणि रिन्यू करताना त्या दोन वर्षांत ४८ तास दाखवायचे असतात, पण अट अशी की दोन्हीपैकी प्रत्येक वर्षात कमीत कमी १२ झालेले पाहिजेत. इथे हिशोब नीट करा. पहिल्या वर्षी ३०, दुसऱ्या वर्षी १८, बेरीज ४८, चालेल. पहिल्या वर्षी ३८ आणि दुसऱ्या वर्षी १०, बेरीज तीच ४८, पण चालणार नाही. पहिल्या वर्षी हौसेने भरपूर करून दुसऱ्या वर्षी निवांत बसलेल्या मुली इथेच अडकतात. शिवाय ४८ पैकी जास्तीत जास्त २४ तास ऑनलाइन चालतात, ते पण स्टेटच्या पब्लिक हेल्थ डिपार्टमेंटने मान्य केलेल्या प्रोव्हायडरकडूनच. कुठल्या तरी वेबसाइटवर ९ डॉलरला "नर्सिंग कोर्स" दिसला म्हणून घेऊ नका, सर्टिफिकेटवर प्रोव्हायडर नंबर नसेल तर तो कागद वहीला कव्हर घालायला वापरा.

न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय अशा दुसऱ्या स्टेटमध्ये असाल तर फेडरल १२ तास तुम्हाला पण आहेतच, रिन्यूअलचे तास आणि ऑनलाइनची मर्यादा मात्र तुमच्या स्टेटच्या नर्स एड रजिस्ट्रीच्या साइटवर बघा, माझा ४८ चा आकडा घेऊन तिथे भांडायला जाऊ नका.

माझं स्वतःचं काय झालं ते सांगते. सीएनए असताना माझ्या पहिल्या रिन्यूअलला मी एकदम बिनधास्त होते, दर महिन्याला क्लासला बसले होते ना, सही पण केली होती. एक्स्पायरीला तीन आठवडे राहिले तेव्हा ऑफिसमधून तासांची यादी मागितली तर ३९ निघाले. तिथली डीएसडी मध्येच नोकरी सोडून गेली होती आणि तिच्या काळातल्या साइन-इन शीट्सचा एक अख्खा फोल्डर कुणालाच सापडत नव्हता. मी बसले होते, शिकले होते, पण कागद नाही म्हणजे तास नाही. मग तीन शनिवार-रविवार मिळून ९ तास कसेबसे भरले, घरात चतुर्थीचे मोदक सासूबाईंनी एकटीने वळले आणि ते मला अजून ऐकवतात. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या एडला पहिल्याच दिवशी सांगते की तुमचे तास तुम्ही मोजा, फॅसिलिटी मोजेलच, ते तिचं कामच आहे, पण सर्टिफिकेट तुमच्या नावाचं आहे.

मोजायचं कसं? दहा रुपयाची वही पुरते (इथे दीड डॉलरची). क्लास झाला की तारीख, विषय, किती वाजता सुरू, किती वाजता संपला, कोणी घेतला, एवढं लिहायचं. साइन-इन शीटवर सही केली की फोनने फोटो काढायचा, फक्त तुमच्या नावाची ओळ आणि वरचा विषय येईल असा, आणि त्यात कुठेही रेसिडेंटचं नाव किंवा चार्ट येता कामा नये, नाहीतर तासांच्या नादात प्रायव्हसीचं प्रकरण गळ्यात पडेल. फॅसिलिटीत फोन काढायला मनाई असेल तर डीएसडीकडून झेरॉक्स मागा, माझ्याकडे कुणी मागितली तर मला रागच येत नाही उलट बरं वाटतं. मी हे सगळे कागद चार वर्षं ठेवते. आणि दर तीन महिन्यांनी ऑफिसमध्ये जाऊन "माझे किती झाले?" विचारायचं, तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा वेगळा आला तर तेव्हाच भांडण मिटतं, दोन वर्षांनी नाही. नोकरी सोडताना शेवटच्या चेकबरोबर तासांची कॉपी पण घेऊनच बाहेर पडा.

एक गोष्ट कधीच करू नका, क्लासला न बसता सही. "चल गं, सही करून टाक, सगळ्याच करतात" असं म्हणणारे सगळीकडे असतात. सर्व्हेअर येतात तेव्हा फक्त फाइल बघत नाहीत, ते हॉलवेमध्ये उभे राहतात, तुम्ही ग्लव्ह्ज काढून हात धुता का बघतात, आणि मग सहज बोलल्यासारखं विचारतात की एखाद्या रेसिडेंटच्या दंडावर बोटांचे वळ दिसले तर तुम्ही काय करणार? फाइलमध्ये अब्यूजचा क्लास झाल्याची सही आहे आणि तुम्ही "अं... नर्सला विचारते" म्हणालात, की पुढचा प्रश्न माझ्याकडे येतो.

अब्यूजचं थोडं जास्त लिहिते कारण आपल्या लोकांची इथे एक खास अडचण आहे. आपल्याला मोठ्या माणसाशी कसं वागायचं हे शिकवायला लागत नाही, ते अंगात असतं, पण सोबतच्या एडबद्दल सांगायचं म्हटलं की आपल्याला ती चहाडी वाटते. माझ्या क्लासमध्ये एक जण म्हणालीच, "तिला घरी दोन मुलं आहेत, तिची नोकरी जाईल." मी म्हटलं, बेडवर जी आजी आहे तिलाही मुलं आहेत आणि ती रात्री इथे नसतात. नियम असा की अब्यूजचा आरोप असेल किंवा गंभीर इजा झाली असेल तर फॅसिलिटीला ते स्टेटकडे लगेच, उशिरात उशिरा २ तासांच्या आत कळवावं लागतं, बाकीच्या प्रकारांना २४ तास. घड्याळ आरोप कानावर आला की सुरू होतं, खरं-खोटं ठरल्यावर नाही. म्हणून तुम्ही शिफ्ट संपेपर्यंत थांबलात तर वेळ तुमच्यामुळेच गेलेला असतो. आणि कॅलिफोर्नियात तुम्ही स्वतः मँडेटेड रिपोर्टर असता, म्हणजे कळवणं कायद्याने तुमच्यावरही असतं, सुपरवायझरला सांगितलं की माझं काम झालं असं होत नाही. त्यासाठीचा फॉर्म एसओसी ३४१, तो तुमच्या नर्सिंग स्टेशनवर कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे आजच बघून ठेवा.

आता रिव्ह्यू. दर १२ महिन्यांत एकदा प्रत्येक एडचा परफॉर्मन्स रिव्ह्यू झालाच पाहिजे असा नियम आहे, आणि त्यातून जे कच्चं निघेल त्यावर ट्रेनिंग द्यायचं असं त्याच नियमात आहे. बहुतेक जणी रिव्ह्यूला निकाल लागल्यासारख्या घाबरून बसतात आणि "ऑल गुड" ऐकून सुटतात. मी म्हणते तिथेच मागून घ्या. होयर लिफ्टला (माणसाला उचलायच्या यंत्राला) स्लिंगचा, म्हणजे झोळीचा, साइज कळत नाही का, सांगा. गेट बेल्ट (उठवताना-चालवताना धरायला कमरेला बांधायचा पट्टा) लावता येतो पण नीट बसलाय की नाही कळत नाही, सांगा (कपड्यांवरून लावायचा, आत सपाट दोन बोटं गेली पाहिजेत, मुठीएवढी जागा राहिली तर माणूस उभा राहताना बेल्ट काखेत सरकतो आणि बरगडी दुखते). कागदावर लिहिलं गेलं की ते शिकवणं आमच्यावर येतं. आणि डीएसडीलाही ते सोयीचं पडतं, कारण सर्व्हेला दाखवता येतं की कमजोरी निघाली आणि त्यावर क्लास झाला.

मागे आमच्याकडे चार-पाच रिव्ह्यूमध्ये एकच गोष्ट आली, जेवणाचे टक्के नीट लिहिले जात नाहीत. रेसिडेंटने किती खाल्लं ते एडने टक्क्यात लिहायचं असतं. मी काय केलं, दुपारच्या जेवणानंतर किचनमधून चार उष्टे ट्रे तसेच मागवले आणि क्लासमध्ये टेबलावर मांडले, म्हटलं प्रत्येकीने चिठ्ठीवर आकडा लिहा, बोलायचं नाही. एकाच ताटाला कुणी २५ लिहिलं, कुणी ७५. त्या ताटात भात आणि बीन्स संपले होते, चिकन तसंच होतं, दूध अर्धं. ७५ लिहिणारीचं म्हणणं "ताट रिकामं दिसतंय की", आणि मुख्य प्रोटीनच पोटात गेलेलं नाही. हे ७५-७५ महिनाभर लिहिलं जातं आणि मग वजनाच्या दिवशी आजोबा दोन-तीन किलो उतरलेले निघतात आणि डाएटिशियन चार्ट बघून डोकं खाजवते. अर्ध्या तासाचा क्लास होता, व्हिडिओ नाही, स्लाइड नाही, आणि पुढच्या आठवड्यात एक एड किचनच्या दारात ट्रे घेऊन माझी वाट बघत उभी, "हे ५० का ६०?"

डिमेन्शियाचं पण तसंच, व्हिडिओ बघून कळतं पण हातात येत नाही. सीएमएसची (मेडिकेअर-मेडिकेड बघणाऱ्या फेडरल खात्याची) हँड इन हँड नावाची ट्रेनिंग मालिका आहे, खास नर्सिंग होमसाठी, डिमेन्शिया आणि अब्यूज दोन्हीवर, ती चांगलीच आहे, जरूर बघा. पण नंतर फ्लोअरवर करून बघितलं पाहिजे. आमच्याकडे एक आजी रोज दुपारी चारच्या सुमाराला पर्स घेऊन दाराशी जायच्या, "मुलं शाळेतून यायची वेळ झाली, मला घरी जायचंय." आमची एक एड, आपलीच, नाशिककडची, फार मायाळू, ती त्यांना समजवायची की अहो तुमची मुलं आता साठीला आली. आजी आणखी चिडायच्या, एकदा पर्सच फेकून मारली. क्लासमध्ये आम्ही हाच प्रसंग केला, मी आजी झाले, तिला म्हटलं मला अडव. दोनदा तिने वाद घातला, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मुलं आल्यावर त्यांना काय खायला देता?" दुसऱ्या दिवशी खऱ्या आजींना तेच विचारलं. आजी थांबल्या, म्हणाल्या, पीनट बटर सँडविच, पण कडा कापून. मग दोघी बोलत बोलत डायनिंग रूमपर्यंत गेल्या, पर्स खुर्चीवर राहिली. असं रोज जमतंच असं नाही, काही दिवस आजी ऐकतच नाहीत, पण तिला आता दुसरा रस्ता माहीत आहे.

पैशाचं विचारायला आपल्याला लाज वाटते म्हणून मीच सांगते. फॅसिलिटीने सक्तीने लावलेला, तुमच्या कामाशी संबंधित क्लास हा कामाचा वेळ आहे, त्याचे पैसे मिळतात, तुमच्या सुट्टीच्या दिवशी बोलावलं तरी. वेळ बिनपगारी धरायचा असेल तर चार अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात, क्लास ड्युटीच्या वेळेबाहेर, खरोखर ऐच्छिक, कामाशी संबंध नसलेला, आणि त्या वेळात काही काम केलेलं नाही. सक्तीचं इन-सर्व्हिस यात कुठेच बसत नाही. त्यामुळे क्लासला जाताना पंच इन करा, येताना पंच आउट करा. तुम्ही स्वतःहून घरी बसून ऑनलाइन तास केलेत तर ते मात्र सहसा तुमच्या खिशातून.

नाइट शिफ्टवाल्यांसाठी एक. क्लास दुपारी दोनला ठेवतात कारण तेव्हा डे आणि पीएम (संध्याकाळची) शिफ्ट दोन्ही सापडतात, आणि रात्रीच्या एड्स एक तर झोपमोड करून येतात नाहीतर येतच नाहीत. सकाळी साडेसहाला नाहीतर रात्री अकराला क्लास मागा, मागणाऱ्या तिघी-चौघी झाल्या की डीएसडीला यावंच लागतं. मी महिन्यातून एकदा रात्री जाते, झोपेने डोळे मिटत असतात पण तेव्हाच खरे प्रश्न येतात, दिवसा सगळ्यांना घरी पळायचं असतं.

आता भारतात जाणाऱ्यांचं. आई आजारी पडली, पुण्याला गेले, सहा महिने म्हणता म्हणता दीड वर्ष राहिले, असं आपल्यात नेहमी होतं. फेडरल नियम असा की सलग २४ महिने तुम्ही पगारी नर्सिंगचं काम केलं नाही तर परत ट्रेनिंग किंवा परत परीक्षा. पगारी या शब्दाकडे लक्ष द्या. आईची पाठ पुसलीत, कूस बदललीत, रात्री चार वेळा उठलात, एकही बेडसोर होऊ दिला नाहीत, रजिस्ट्रीच्या हिशोबात ते शून्य तास. अन्याय आहे, पण आहे. म्हणून जायच्या आधी एक्स्पायरी बघा, मान्यताप्राप्त ऑनलाइन तास तिथूनही करता येतात, आणि परत आल्यावर २४ महिने भरायच्या आत पगारावर निदान काही शिफ्ट करा.

आणि शेवटचं, हे फक्त आपल्याच लोकांना होतं. नावं. पासपोर्टवर तुमचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. सर्टिफिकेटवर मधलं नाव गायब. ऑनलाइन कोर्सला माहेरचं आडनाव, कारण ईमेल आयडी कॉलेजच्या वेळचा. आणि साइन-इन शीटवर इथल्या लोकांना म्हणता येत नाही म्हणून घेतलेलं टोपणनाव. एकाच बाईचे तास चार नावांवर वाटले गेलेत अशी फाइल मी स्वतः जुळवत बसलेय. सर्टिफिकेटवर जसं छापलंय अगदी तसंच नाव, तेच स्पेलिंग, प्रत्येक शीटवर लिहा, शेजारी सर्टिफिकेट नंबर लिहा, आणि बॅजवर खुशाल पिंकी ठेवा.